तेरा आटे

रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी नरसिंग कान लावायचा. टाकीजवळच्या पहिल्या व्हॉलच्या खड्ड्यात आपली लांब लोखंडी चावी उभी करायची, वाकून तिच्या आडव्या मुठीवर उजवा कान टेकवायचा आणि डोळे मिटायचे. खाली पाइपात पाणी आलेलं असलं तर लोखंडातून एक बारीक गुणगुण वर यायची, दोन शेतं पलीकडं कुणी मळणीयंत्र लावावं तशी. नसलं तर नुसतं लोखंड. मग तो उठायचा, गुडघ्यांची माती झटकायचा आणि जमलेल्या बायांना सांगायचा, "आलं न्हाई आजून." किंवा, "आलंय. घागरी मांडा."

चौतीस वर्षं त्यानं हेच केलं. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सरजाबाईला हसू आवरलं नव्हतं. ती भाकरी घेऊन आली होती. पदर दातात धरून म्हणाली, "डाक्टर हाव का वो तुम्ही? रस्त्याची छाती तपासून राहिले."

"हाव," तो कान न उचलता म्हणाला. "गप ऱ्हा जरा. ठोके ऐकू दे."

कौठाळी तसं बऱ्यापैकी मोठं गाव, अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की पाऊण तासावर. पाण्याची टाकी मात्र एकच, आणि पाणी सोडायचे व्हॉल्व्ह, गावाच्या तोंडी व्हॉल, नऊ. पाणी आठव्या दिवशी यायचं, उन्हाळ्यात बाराव्या. 'नळ कधी सुटणार?' हे त्या गावात 'बरं हाय का?' च्या जागी विचारलं जायचं. नरसिंगला तर लग्नात, मयतीत, दवाखान्याच्या रांगेतही लोक तेच विचारायचे, आणि तो प्रत्येकाला शांतपणे वार सांगायचा.

चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. कुठल्या गल्लीला किती आटे खोलायचे हे कुठल्याही कागदावर नव्हतं. ते नरसिंगच्या मनगटात होतं. पेठेला नऊ. तेली गल्लीला साडेदहा, कारण तिथला पाइप मध्येच दबलेला. मोमीन गल्लीला तेरा, कारण ती टेकाडावर. तेराच्या आत पाणी वरच्या घरांपर्यंत चढतच नाही. आणि सगळ्यात शेवटी, खोलगटात, भीमनगर. तिथं सहाच पुरे. पाणी उताराला आपोआप धावतं, फक्त वरच्यांचं सगळ्यांचं झालेलं असायला हवं.

भीमनगरच्या तिसऱ्या घरात नरसिंग आणि सरजाबाई राहायचे.

नरसिंगची आई नागुबाई जुन्या आडाच्या कठड्यापासून चार हात लांब बसायची. वरच्या आळीतली कुणी बाई येईल, पोहरा ओढेल आणि मनात आलं तर उंचावरून तिच्या घागरीत ओतेल, म्हणून. कधी तासाभरात कुणी यायचं, कधी दुपार कलायची. सरजाबाईला हे सासूनंच सांगितलेलं, भाजी निवडता निवडता, कुणा दुसरीचं सांगावं तसं. नरसिंग रोजंदारीवर लागला आणि त्यानं पहिल्यांदा पेठेचा व्हॉल खोलला त्या दिवशी नागुबाई तिथं गेली होती. रस्त्याच्या कडेला, चार हात लांब बसून राहिली. पेठेतल्या बाया मुलाच्या भोवती घागरी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष त्याच्या हाताकडं होतं. पाणी आलं. मग ती उठली, पेठेच्या सार्वजनिक नळाला ओंजळ लावून पाणी प्याली आणि घरी निघून आली. त्यावर ती कधी काही बोलली नाही. नरसिंगही नाही. फक्त पाळी मोडायची नाही, एवढं त्याच्या अंगात मुरून गेलं.

सरजाबाईला मात्र पाळीचा वीट आला होता. भीमनगरचा नळ दिवेलागणीनंतर सुटायचा, आणि सुटायचा म्हणजे काय, करंगळीएवढी धार. रांजण भरेपर्यंत गुडघे आखडायचे. "गावाला पानी पाजता," ती म्हणायची, "आन आपल्या नळाला सर्दी झाल्यावानी. नुसता गळून राहिला."

"शेवटचं घर हाय आपलं."

"घर शेवटचं हाय. व्हॉल तर तुमच्या हातात हाय ना?"

"म्हणून तर," नरसिंग म्हणायचा आणि विषय संपायचा. एकदाच त्यानं पुढं सांगितलं होतं, की व्हॉलवाल्याच्या दारात आधी पाणी आलं की गाव मोजायला लागतं, आणि एकदा गाव मोजायला लागलं की मग कुणाचंच पोट भरत नाही.

सरजाबाईची मोठी हौस नव्हती. एकदा तरी दिवसाउजेडी, सकाळचं, जोरात पाणी यावं. घागर लावली की भरून वाहावी. गोधड्या वाहत्या पाण्यात धुवाव्यात. ते इथं व्हायचं नव्हतं हे तिला कळून चुकलं होतं. त्यामुळं तिचं लक्ष नांदेडला लागलं होतं.

नांदेडला लुंबिनी होती, त्यांची एकुलती मुलगी. एका खाजगी दवाखान्यात नर्स, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तिथं नळ फिरवला की पाणी येतं. "एकतीस मेला पप्पा रिटायर," तिनं फोनवर ठरवूनच टाकलं होतं, "एक जूनला तुम्ही दोघं माझ्याकडं. तिथं ठेवलंय काय?"

खोटं नव्हतं. शिकलेली पोरं चौकात मोबाइलवर माना घालून बसलेली. कुणाच्या तरी स्टेटसवरून अधूनमधून एकमेकांच्या अंगावर जायची आणि तेवढ्यापुरतीच त्यांच्यात हुशारी यायची. पेठेतला एक किराणावाला अजून लुंबिनीच्या आईच्या हातावर सुटे ठेवत नव्हता, फळीवर सरकवायचा. लुंबिनी लहानपणी ते बघत आली होती. दर खेपेला गावी आली की मुद्दाम त्याच दुकानात जायची आणि हात पसरून उभी राहायची, तो हातावर ठेवेपर्यंत. पण दर खेपेला ते करायचाही कंटाळा येतो माणसाला.

नरसिंग "बघू" म्हणाला होता. सरजाबाईनं ते 'हो' धरलं आणि माळ्यावरची लोखंडी पेटी काढून पुसून ठेवली.

त्या वर्षी मार्चमध्ये गावात झेंड्यांवरून झालं. चौकातल्या खांबावर कुणाचा झेंडा वर आणि कुणाचा खाली, एवढंच. दगड आले, पोलिसांच्या गाड्या आल्या, बाजार दोन दिवस बंद राहिला. तिसऱ्या दिवशी दुकानं उघडली. पेठेतल्या बायांनी मात्र मोमीन गल्लीतल्या अख्तरीकडं शिवायला टाकलेले ब्लाउज परत आणले, काही तर अर्धे शिवलेले. अख्तरीचा नवरा मकसूद वेल्डिंगवाला. नरसिंगची चावी त्यानंच बनवून दिलेली, वीस-बावीस वर्षांपूर्वी, आधीची वाकल्यावर. मूठ नरसिंगच्या पंजाच्या मापाची करून दिली होती. सणावाराला खिरीचा डबा टेकाडावरून खाली यायचा आणि भीमनगरातून पुरणपोळी वर जायची.

एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस नरसिंगनं अर्धी भाकरी ताटात टाकली. टाकीवर आज पंचायतीचे मेंबर आले होते, एवढंच सरजाबाईला शेजारणीकडून कळलं होतं.

"काय म्हणत होते मेंबर?"

"काही न्हाई. पेन्शनच्या फायलीचं."

"मग भाकरी का टाकली?"

"ऊन लई हाय," नरसिंग म्हणाला आणि पाणी पिऊन आडवा झाला.

त्याच्या पुढचा सोमवार. बाराव्या दिवसाची पाळी. सकाळचे साडेदहा झाले असतील. सरजाबाई तांदूळ निवडत होती. अंगणातल्या नळानं आधी खोकल्यासारखा आवाज केला, मग हवा सोडली, आणि मग पाणी आलं. करंगळीएवढं नाही, मनगटाएवढं. खालचा पत्र्याचा डबा त्या धारेनं उलटला.

ती क्षणभर बघतच राहिली. मग उठली. रांजण भरला, निळा ड्रम भरला, घागरी, कळशा, कुकर, परात, चहाचं भांडंसुद्धा. सगळं भरलं तरी पाणी थांबेना. शेवटी तिनं दोन्ही गोधड्या बाहेर काढल्या आणि अंगणातल्या दगडावर, वाहत्या पाण्याखाली, पायानं तुडवून धुतल्या. किती वर्षांनी. पाणी गढूळ व्हायचं आणि पुन्हा नितळ यायचं, आणि ओहळ दारावरून गल्लीच्या नालीपर्यंत गेला. ऊन चढलं होतं पण पाय गार होते. तिला वाटलं, जाता जाता का होईना, नवऱ्यानं एकदा आपल्यासाठी केलं. बोलला नाही, तो कुठं बोलतो. तिनं ठरवलं, संध्याकाळी आपणही काही विचारायचं नाही. थालीपीठ करायचं, त्याच्या आवडीचं.

एकच्या सुमाराला शेजारची रेणुका फाटकाशी आली. तिच्या काखेला भरलेली कळशी होती आणि चेहरा उतरलेला.

"सरजामावशी, मकसूदभाईची अम्मी गेली. हुस्नाबी. सकाळीच."

"अगं माय," सरजाबाई म्हणाली. हुस्नाबीला पंचाऐंशी तरी झाली असतील, अंथरुणावरच होती.

"गेली ती सुटली. पण त्यांच्या घरात पानी न्हाई. मय्यतीला अंघोळ घालायची म्हणून थांबलेत. वरच्या घरांना आज नळच आला न्हाई म्हणे, नुसती हवा. टँकर सांगितलाय तर टँकरवाला फोन उचलून न्हाई राहिला." रेणुकानं कळशी दुसऱ्या काखेला घेतली. "आन आपल्याकडं बघा, नालीतून पानी चाललंय."

सरजाबाई दोरीकडं बघत राहिली. दोरीवरच्या गोधड्यांतून पाणी ठिबकत होतं. खाली मातीत दोन ओळी पडल्या होत्या, थेंबांच्या.

तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटच्या घरात चौतीस वर्षं राहिलेल्या बाईला पाइपाची सगळी अक्कल येते. भीमनगरचा व्हॉल जुना, कधी पूर्ण बसतच नाही. वरच्यांनी घेतलं नाही की ते खाली येतं. आणि टेकाडावर पाणी चढत नाही ते केव्हा, हेही तिला ठाऊक होतं, कारण तो आकडा तिनं झोपेत बडबडणाऱ्या नवऱ्याच्या तोंडून हजारदा ऐकला होता.

तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पहिली घागर उचलली. रेणुका मागून निघाली. मग आणखी दोघी-तिघी आल्या, कुणी न बोलावता. टेकाडाचा चढ तसा फार नाही, पण दुपारचं ऊन आणि भरल्या घागरी. चौकातली पोरं मोबाइलमधून माना वर करून बघत राहिली.

अख्तरी दाराशीच होती. तिनं सरजाबाईच्या डोक्यावरून घागर उतरवून घेतली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"तुमच्याकडं आलतं का पानी, सरजाबाई?"

"आलतं."

"आमच्याकडं चढलंच न्हाई आज. कधी असं झालं न्हाई."

सरजाबाईनं पदरानं मान पुसली. "आजून दोन खेपा आनते," ती म्हणाली आणि वळली. तिथं उभं राहणं तिला जमेना.

खाली आली तर नरसिंग जेवायला आलेला. अंगणात उभा होता, दोरीवरच्या गोधड्यांसमोर. त्याला अजून मयतीचं कळलं नव्हतं.

"किती आटे दिले वर?" सरजाबाईनं विचारलं.

त्यानं डोक्याचा रुमाल सोडला. मग म्हणाला, "अकरा."

"हुस्नाबी गेली. अंघोळीला पानी नव्हतं."

नरसिंग जेवायला बसला नाही. रेणुकाच्या घरून हातगाडी ओढत आणली, निळा ड्रम बायांच्या मदतीनं तिच्यावर चढवला आणि एकटाच गाडा टेकाडाकडं ओढत निघाला. अर्ध्या चढावर तो थांबलेला सरजाबाईला दिसला. मग पुन्हा निघाला. त्या दिवशी तो मातीलाही गेला, सगळ्यांच्या मागं, रुमाल डोक्याला बांधून.

रात्री जेवण झालं नाही, पण बोलणं झालं. मेंबर टाकीवर येऊन म्हणाले होते, त्या गल्लीचे दोन आटे कमी कर, कळू दे थोडं. नरसिंग म्हणाला, जमायचं नाही. मेंबर हसून म्हणाले, दोन तर आटे, आणि तुझी फाईल माझ्याच टेबलावर आहे. आणि नरसिंगनं स्वतःला सांगितलं, दोन तर आटे.

"मेंबरला काय माहीत तेरा आन अकरात काय हाय ते," तो म्हणाला. "त्याला वाटलं, थोडं कमी जाईल. मला माहीत होतं. अकराला चढतच न्हाई. ते फक्त मला माहीत होतं, सरजे."

सरजाबाईनं दिवा विझवला नाही. ती म्हणाली, "मी गोधड्या धुतल्या." जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी केलं."

चौथ्या दिवशी नरसिंग चावी खांद्यावर टाकून मकसूदच्या दुकानात गेला. परत आला तेव्हा त्यानं जे झालं ते सरजाबाईला सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडं न करता. मकसूद लोखंडी खिडकीचा गज घासत होता. नरसिंगनं अकरा म्हणून सांगितलं. कुणी सांगितलं होतं तेही सांगितलं. मकसूदनं मशीन बंद केलं.

मग म्हणाला, "गल्लीत बोलू नका हे. आत्ता बोलायचे दिवस न्हाईत. पोरं पेटून उठतील, आन मग पानी राहील बाजूला."

"बरं."

"अम्मीला तुमच्या घरच्या पान्यानं न्हाऊ घातलं. ते मी विसरनार न्हाई, नरसिंगभाऊ. आन हे पन न्हाई." आणि मशीन पुन्हा चालू केलं.

पुढच्या पाळीला नरसिंगनं मोमीन गल्लीला तेरा आटे दिले. दुपारी मेंबरांचा फोन आला. नरसिंगनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, चावी आनून देऊ का? तुम्हीच फिरवा. मला आकडे विसरायला होऊन राहिले." फाईल मग सात महिने त्या टेबलावरून हलली नाही. भीमनगरचा नळ त्या दिवशी दिवे लागल्यावर सुटला, करंगळीएवढा. सरजाबाई घागर लावून बसली. तिला रागही आला नाही आणि बरं वाटलं असंही नाही. फक्त रांजण भरेपर्यंत ती एकदाही उठली नाही.

एकतीस मेला नारळ, शाल, दोन भाषणं झाली. दोघं नांदेडला गेले.

लुंबिनीच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी चोवीस तास. पहिले तीन दिवस सरजाबाईनं दिसेल ते धुतलं. पडदे धुतले, पायपुसणी धुतली, लुंबिनीचे पांढरे युनिफॉर्म दोनदा धुतले. चौथ्या दिवशी नळ फिरवून तिनं हात धारेखाली धरला आणि तिला दोरीवर ठिबकणाऱ्या गोधड्या आठवल्या. तिनं नळ बंद केला.

नरसिंग बाथरूममध्ये भिंतीच्या पाइपाला कान लावून उभा असलेला लुंबिनीला सापडला.

"पप्पा, काय करताय?"

"ह्याचा आवाज न्हाई यायला. कुठून येतं हे?"

"वर टाकी आहे. बोअर आटला, आता टँकर येतो रोज."

"आन त्या मागच्या पत्र्याच्या घरांत? त्यांची पाळी कधी असते?"

"मला काय माहीत पप्पा," लुंबिनी म्हणाली. तिची सलग दुसरी ड्यूटी संपली होती आणि पायातले बूट अजून काढायचे होते. "मी इथं पाळ्या मोजायला आले नाही. त्यातून सुटायला आले."

नरसिंगनं मान हलवली. त्याला ते पटलं होतं. पण सकाळी तो पुन्हा खिडकीशी उभा राहिला, खालच्या एका नळावर रांगेत लावलेले निळे कॅन मोजत. सरजाबाई शेजारी येऊन उभी राहिली.

"बावीस," ती म्हणाली.

"तेवीस. तो एक खांबामागं हाय."

पंधराव्या दिवशी त्यांनी पेटी भरली. लुंबिनी दारात आडवी उभी राहिली. रागानं तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, तू तर इथं येण्यासाठी जीव टाकत होतीस. तिथं आहे काय? एक गोष्ट सांग. एक."

सरजाबाईनं विचार केला. सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं. तिथला चौक तसाच होता, किराणावाल्याची फळी तशीच होती, मेंबर तेच होते.

"मंगळवारी आपली पाळी हाय," ती म्हणाली.

लुंबिनीला आधी हसू आलं. मग तिनं स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुतलं, भरपूर पाण्यानं, आणि दोघांना बसस्टँडवर सोडायला आली.

नवा व्हॉलवाला कंत्राटावर आला होता, बिलोलीकडचा, सिद्धेश्वर नावाचा चाळिशीचा माणूस. पहिल्याच पाळीत गाव त्याच्यावर चिडलं होतं. नरसिंग रोज सकाळी त्याच्याबरोबर फिरायला लागला. आकडे सांगायचा आणि तो ते विसरायचा.

"लिहून द्या ना काका."

नरसिंग त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ ओट्यावर बसला. "आजवर ते माझ्या एकट्याच्या हातात होतं," तो सरजाबाईला म्हणाला. "म्हणून तर दोन आटे खाता आले. कुनी बघनारच नव्हतं."

तो मकसूदकडं गेला. त्या दिवसानंतर दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. मकसूदनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन हातगाडीवर घालून निघाला. नऊच्या नऊ खड्ड्यांच्या लोखंडी झाकणांवर त्यानं वेल्डिंगनं आकडे काढले, वीतभर उंच, आंधळ्यालाही चाचपून कळतील असे. पेठेला ९. तेली गल्लीला १०॥. भीमनगरला ६. आपल्या गल्लीचं झाकण त्यानं शेवटी ठेवलं. १३ काढून झाल्यावर त्यानं वेल्डिंगची खपली ठोकून झाडली. मग नरसिंगला म्हणाला, "तीन नीट आला का बघा. माझं मराठी अक्षर वाकडं हाय." सरजाबाई भाकरी घेऊन तिथं आली होती. तिनं दोघांना वाढलं.

तेव्हापासून पाळीच्या दिवशी बाया झाकणाभोवती उभ्या राहून मोठ्यानं मोजतात. सिद्धेश्वर चावी फिरवतो आणि गल्ली म्हणते, एक, दोन, तीन. एकदा पेठेत कुणीतरी दहावा फिरवायला सांगितला, तेव्हा पेठेतलीच एक म्हातारी म्हणाली, "नऊ लिवलंय." मेंबरनं झाकणं बदलायची म्हणून ठराव आणला होता म्हणतात. तो अजून फाइलीत आहे.

गाव त्यामुळं सुधारलं नाही. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा झेंड्यांवरून झालं, पुन्हा बाजार बंद राहिला. अख्तरीकडून नेलेले सगळे ब्लाउज तिच्याकडं परत शिवायला आले नाहीत. लुंबिनी महिन्यातून एकदा येते आणि किराणा दुकानात हात पसरून उभी राहते. नरसिंगला मात्र सरजाबाईनं झाकणांवर आकडे आल्यानंतरच्या दीड वर्षात एकदाही झोपेत आकडे बडबडताना ऐकलं नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा, पाय सोडून. थकलेला असायचा. पण पाळीच्या दिवशी टेकाडावरचं मोजणं वाऱ्यावर खाली ऐकू यायचं तेव्हा त्याचे ओठ हलायचे, आणि तेरा झाले की तो भिंतीला पाठ टेकायचा.

गेल्या फेब्रुवारीत, पाळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. झोपेतच. अंघोळीच्या पाण्याची अडचण आली नाही. रांजण भरलेला होता, आणि तरी अख्तरी टेकाडावरून दोन घागरी घेऊन उतरली. लोक सरजाबाईला विचारतात, शेवटी काही म्हणाला का, काही सांगून गेला का. ती नाही म्हणते. आदल्या संध्याकाळी नळ सुटला होता. ती घागर लावून बसली होती आणि तो ओट्यावरून वाकून, नळाच्या पाइपाला कान लावून ऐकत होता. मग सरळ झाला आणि म्हणाला, "बारीक हाय, पन येऊन राहिलं. घागर जरा अलीकडं घे."